जुना स्कॅन पडद्यावर येईपर्यंत

छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात आठ मिलिमीटरची एक गाठ दिसते. रेडिओलॉजिस्टच्या मनात पहिला प्रश्न येतो, ही आधी होती का? तीन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्येही ती तेवढीच असेल, तर बहुतेक वेळा तो जुन्या क्षयाचा किंवा दुसऱ्या एखाद्या संसर्गाचा व्रण असतो आणि रुग्णाला फारसे काही करावे लागत नाही. तेव्हा ती नव्हतीच, किंवा निम्मीच होती, तर मामला वेगळा. मग पेट स्कॅन, सुईने तुकडा काढून तपासणे, शस्त्रक्रियेचा विचार हे सगळे मागोमाग येते. स्तनाच्या मॅमोग्राफीतही तेच. मागची प्रतिमा शेजारी असली की संशयास्पद वाटणाऱ्या कितीतरी सावल्यांचा निकाल तिथल्या तिथे लागतो आणि त्या बाईला उगाच पुन्हा बोलवावे लागत नाही.

ही मागची प्रतिमा पूर्वी तपकिरी पाकिटात असायची. आता ती बऱ्याच ठिकाणी ‘क्लाउड’मध्ये असते, म्हणजे दूरच्या एखाद्या शहरात, हजारो यंत्रांनी भरलेल्या इमारतीत. तिथून ती पडद्यावर यायला वेळ लागतो. रांगेत चाळीस स्कॅन थांबलेले असताना दोन मिनिटे कोऱ्या पडद्याकडे पाहत बसण्याचा संयम फार थोड्यांकडे असतो. वाट पाहणे सोडून ‘जुन्या तपासण्या तुलनेसाठी उपलब्ध नाहीत’ असे अहवालात लिहिले गेले, तर त्या ओळीची किंमत रुग्ण मोजतो.

दोन मिनिटे हा आकडा हवेतला नाही. सीटीचा एक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एका कापाला साधारण अर्धा मेगाबाइट. छाती आणि पोटाच्या पातळ कापांच्या तपासणीत हजार काप सहज होतात. झाले ५०० मेगाबाइट. रुग्णालयाची लाइन १०० मेगाबिटची असेल आणि ती पूर्ण मिळाली, तरी एवढा माल यायला चाळीस-बेचाळीस सेकंद लागतात. पण हा फक्त वाहून आणण्याचा वेळ झाला. त्याखेरीज प्रत्येक मागणीमागे एक थांबा असतो. संगणक ‘हा काप द्या’ म्हणतो, निरोप जातो, तिकडचे यंत्र ओळख तपासते, साठ्यात वस्तू शोधते आणि मग पहिला बाइट निघतो. या थांब्याला एक दशांश सेकंद धरला, आणि क्लाउडमधल्या साठ्यांसाठी तो अवास्तव नाही, तर हजार काप एकामागून एक मागवताना नुसते थांबण्यातच शंभर सेकंद जातात.

म्हणून ‘इंटरनेटचा वेग वाढवा’ हा नेहमीचा उपाय अर्धाच लागू पडतो. जाड नळ घेतला तर बादली लवकर भरते, पण तोटी उघडल्यावर पाणी यायलाच उशीर होत असेल तर नळाची जाडी काय कामाची? अंतराला इथे खरोखर महत्त्व आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद निव्वळ प्रवासाचे, आणि समुद्राखालच्या केबली काही सरळ रेषेत जात नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, तर अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केल्यावर आपल्याकडचा हा प्रवास बराच आखूड झाला. तिकडच्या यंत्राच्या शोधाशोधीचा वेळ मात्र उरतोच.

त्यावरचा पहिला उपाय जुना आहे. एकदा आणलेली गोष्ट लगेच फेकायची नाही, हाताशी ठेवायची. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका छोट्याशा लेखात ही कल्पना मांडली. मोठ्या पण संथ स्मृतीच्या पुढे एक लहान, चपळ स्मृती ठेवावी आणि नुकतेच वापरलेले तिच्यात राहू द्यावे. त्यांनी तिला ‘दास स्मृती’ म्हटले होते. १९६८ मध्ये आयबीएमच्या ‘सिस्टीम ३६०’ मालिकेतील ‘मॉडेल ८५’ यंत्रात ती आली तेव्हा तिला ‘कॅश’ हे नाव मिळाले. रोख पैशांशी त्याचा संबंध नाही. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते आले आहे. आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत कुठलेही यंत्र या युक्तीशिवाय चालत नाही.

वॉर्डात काम केलेल्या कोणालाही ती नवी वाटणार नाही. रुग्णालयाचे मुख्य औषध भांडार तळमजल्यावर असते. तिथून औषध आणायचे तर इंडेंट भरा, सही घ्या, शिपाई पाठवा. म्हणून वॉर्डाच्या कपाटात रोज लागणारी औषधे ठेवलेली असतात आणि त्याहून जवळ, खाटांच्या शेजारी, आपत्कालीन ट्रॉलीवर अ‍ॅड्रिनॅलिन आणि अ‍ॅट्रोपिन. कपाट लहान असते. सगळे त्यात मावत नाही. नवे आले की काहीतरी परत पाठवावे लागते, आणि सिस्टर साहजिकच बरेच दिवस न लागलेले औषध परत पाठवतात. संगणकही नेमके हेच करतो. सर्वांत जास्त काळ न वापरलेली वस्तू आधी बाहेर. आयबीएमचे लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये सर्वोत्तम निवड कोणती तेही दाखवून दिले होते. जी वस्तू भविष्यात सर्वांत उशिरा लागणार आहे, ती काढा. अडचण एवढीच की भविष्य कळत नाही, म्हणून भूतकाळावरून अंदाज बांधायचा. क्ष-किरण विभागात हा अंदाज बऱ्यापैकी जमतो, कारण स्कॅन झाल्यावरचे पहिले काही दिवस तो वारंवार उघडला जातो आणि रुग्ण घरी गेला की महिनोन्महिने कोणी त्याकडे पाहत नाही.

पण आपल्याला हवा आहे तो तीन वर्षांपूर्वीचा स्कॅन. तो कपाटातून केव्हाच गेलेला असणार. उलट खर्च वाचवण्यासाठी तो क्लाउडच्या सर्वांत स्वस्त, ‘थंड’ साठ्यात सरकवलेला असण्याची शक्यता जास्त. अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये अशी सेवा आणली तेव्हा तिचे नावच ‘ग्लेशियर’, म्हणजे हिमनदी होते आणि ठेवलेली वस्तू बाहेर यायला तीन ते पाच तास लागत. इथे कॅश काही करू शकत नाही. इथे मागण्याआधीच मागवून ठेवावे लागते. याला ‘प्रीफेचिंग’ म्हणतात. मराठीत आगाऊ मागवणी म्हणू.

हीदेखील संगणकवाल्यांची मक्तेदारी नव्हे. लोकल यायच्या दोन मिनिटे आधी घाणा काढणारा स्टेशनबाहेरचा वडेवाला हेच करतो. रुग्णालयांच्या रेकॉर्ड रूममध्येही उद्याच्या ओपीडीची यादी आदल्या दिवशी संध्याकाळी यायची आणि रेकॉर्ड क्लार्क शिडीवर चढून जुनी पाकिटे काढून ठेवायचे. चांगला क्लार्क नुसती पाकिटे काढत नसे. हाडांच्या ओपीडीला छातीची फिल्म कशाला, हे त्याला कळत असे. १९९०च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथसारख्या रुग्णालयांनी फिल्मला रजा दिली तेव्हा त्या क्लार्कचे डोके संगणकाच्या नियमांत उतरवावे लागले. त्या काळी जुने साठे प्रकाशीय तबकड्यांवर असत आणि यांत्रिक हात तबकडी शोधून वाचकात घालेपर्यंत वेळ जाई, म्हणून आगाऊ मागवणीवाचून गत्यंतरच नव्हते.

नियम साधे असतात. रुग्णाची नोंदणी झाली किंवा तपासणीची ऑर्डर पडली की रुग्णालयाची नोंदणी यंत्रणा प्रतिमांच्या यंत्रणेला निरोप पाठवते. त्यावरून त्याच अवयवाच्या, शक्यतो त्याच प्रकारच्या, मागच्या दोन-तीन तपासण्या क्लाउडमधून खाली येऊ लागतात. रुग्ण कपडे बदलतो, सलाइनची सुई लागते, टेबलावर झोपतो, स्कॅन होतो, एवढ्या वेळात त्या रुग्णालयातल्या स्थानिक डिस्कवर येऊन पडतात. साठा थंड असेल तर मात्र अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्रीच सुरुवात करावी लागते.

दुसरी आगाऊ मागवणी पडद्यासमोर, क्षणाक्षणाला चालते. रेडिओलॉजिस्ट माउसचे चाक फिरवत वरून खाली एकेक काप पाहत जातो. दोनशेव्या कापावर असेल आणि खाली जात असेल, तर २०१ ते २३० लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. चांगले सॉफ्टवेअर दिशा आणि वेग पाहून पुढचे वीस-तीस काप एकाच वेळी मागवते. वीस मागण्या एकदम गेल्या की वीस थांबे एकात मिसळतात आणि मघाचे शंभर सेकंद पाचावर येतात. मग फक्त वाहतुकीचा वेळ उरतो. तोही तपशील न गमावता प्रतिमा दाबून पाठवली तर निम्मा किंवा त्याहून कमी होतो. शिवाय सगळा स्कॅन येईपर्यंत थांबायचे कारण नसते. पहिला काप दिसला की वाचन सुरू.

मग सगळेच आधी मागवून का ठेवू नये? उत्साही विक्रेते तसे सुचवतातही. पण ज्याला मनगटाचा एक्स-रे काढायचा आहे त्याचे दहा वर्षांचे सगळे स्कॅन खाली ओढले, तर लाइन त्यातच अडकते आणि शेजारच्या अपघाती रुग्णाचा मेंदूचा स्कॅन मागे पडतो. क्लाउडमधून माल बाहेर काढायला बहुतेक कंपन्या पैसे घेतात, ते बिल वेगळेच. आणि कपाट लहान आहे हे विसरून चालत नाही. नको त्या वस्तू भरल्या की हव्या त्या बाहेर पडतात. एखाद्या संशोधनासाठी कोणी एका रात्रीत पाच हजार जुने स्कॅन याच वाटेने वाचून काढले, तर सकाळी कॅशमध्ये कालचा एकही रुग्ण सापडत नाही. अशा कामाला वेगळी वाट द्यावी, हे शहाणपण बहुधा अशा एका सकाळीच येते.

याहून गंभीर धोका शिळेपणाचा. प्रतिमा सहसा बदलत नाहीत, पण अहवाल बदलतात. डाव्या-उजव्याची खूण चुकलेली दुरुस्त होते, दुसऱ्याच्या नावावर चढलेला स्कॅन योग्य रुग्णाकडे हलवला जातो. मूळ साठ्यात दुरुस्ती झाली आणि स्थानिक डिस्कवर जुनी प्रत तशीच राहिली, तर डॉक्टर चुकीची प्रत झटक्यात पाहतो. त्यापेक्षा उशीर परवडला. क्लाउड साठ्यांचीही एकेकाळी ही खोड होती. अ‍ॅमेझॉनच्या साठ्यात वस्तू बदलल्यावर काही वेळ जुनीच प्रत मिळण्याची शक्यता असे. ती डिसेंबर २०२० मध्ये संपली. स्थानिक प्रतीची जबाबदारी मात्र रुग्णालयाचीच. प्रतिमा कॅशमधून द्यावी, पण उघडताना तिची आवृत्ती मूळ साठ्याशी ताडून पाहावी आणि अहवाल दर वेळी ताजाच आणावा, ही पद्धत सुरक्षित. आवृत्तीचा क्रमांक विचारायला एक छोटा निरोप पुरतो, ५०० मेगाबाइट लागत नाहीत.

आपत्कालीन रुग्णांत बाजू उलटते. पक्षाघात झालेला माणूस तालुक्याच्या ठिकाणी स्कॅनरमध्ये असतो आणि तो वाचणारा डॉक्टर दीडशे किलोमीटरवर. अमेरिकी न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या पक्षाघातात मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. तिथे जुना स्कॅन दुय्यम. नवा स्कॅन डॉक्टरने मागण्याची वाट न पाहता, काप तयार होतील तसे त्याच्या यंत्राकडे ढकलायला हवेत. स्थानिक प्रतही हवीच, कारण वादळात लाइन तुटली तर तालुक्यातल्या डॉक्टरला निदान समोरचा स्कॅन दिसला पाहिजे. त्या डिस्कवर रुग्णांची खासगी माहिती असते, तेव्हा ती कूटबद्ध असावी.

हे सारे तंत्र आज विकत मिळते. आपल्याकडे ते अडते ते बहुधा खिडकीवर. केसपेपर हरवला की नवा काढायचा, ही आपली जुनी सवय. नवा केसपेपर म्हणजे नवा क्रमांक, आणि नव्या क्रमांकाच्या माणसाचा संगणकाच्या लेखी भूतकाळच नसतो. आगाऊ मागवायचे तरी काय? नावावरून शोधावे, तर एका जिल्ह्यात एकाच नावाची माणसे डझनांनी सापडतात. वडिलांचे नाव, आडनाव, गावसुद्धा जुळते. दुसऱ्याचाच स्कॅन तुलनेला येणे हे न येण्यापेक्षा वाईट. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक यासाठी उपयोगी पडू शकतो, पण तो नोंदणीच्या वेळी खरोखर टाकला गेला तर. तोवर तपासणीला जाताना जुना केसपेपर किंवा जुन्या अहवालाचा मोबाइलवरचा फोटो जवळ ठेवावा आणि तो आत डॉक्टरांना दाखवण्याआधी नोंदणीच्या खिडकीवर दाखवावा. दुसऱ्या रुग्णालयात केलेल्या स्कॅनची सीडी असेल तर तीही तिथेच द्यावी. स्कॅनरच्या टेबलावर झोपेपर्यंतची वीस मिनिटे ती चढवायला पुरतात.