आवाज बसलाय की टेन्शन आलंय?

व्हायवाच्या आधी दादरच्या पुलावरून तुम्ही घरी फोन करता. 'झाला अभ्यास, टेन्शन नाही' असं बिनधास्त सांगता. तरी पलीकडून आई विचारतेच, 'काय झालं? खरं सांग.'

हे तिला जमतं ते कम्प्युटरला शिकवायचा प्रयत्न बरीच वर्षं चालू आहे. टेन्शन आलं की श्वास उथळ होतो, स्वरयंत्राचे स्नायू ताणले जातात. पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 ते 120 वेळा कंप पावतात, बायकांचे 200 च्या आसपास. ताणात बहुतेकांचा हा आकडा वर सरकतो, बोलण्याचा वेग आणि मधले थांबेही बदलतात. सॉफ्टवेअर आवाजाचे मिलिसेकंदांचे तुकडे पाडून हे सगळं मोजतं.

स्वतः करून बघायचंय? ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं 'प्राट' फुकट मिळतं. (डच भाषेत प्राट म्हणजे 'बोल'.) मी माझा आवाज त्यात टाकला, एकदा शांत लायब्ररीबाहेरचा, एकदा सबमिशनच्या रांगेतला. रांगेतली रेष मस्त वर चढलेली! मी जाम खूश. मग आठवलं, रांगेत एवढा कल्ला होता की मी ओरडूनच बोलत होते.

गोंगाटात आपोआप आवाज चढतो, त्याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात. ताणातही आवाज चढतो. मग मुंबईत मशीनने काय समजायचं? त्यात गणपतीत लालबागला आरत्या म्हणून घसा बसलेला असेल तर बघायलाच नको. आईकडे तुमचा रोजचा आवाज वर्षानुवर्षं साठलेला असतो, मशीन तुम्हाला पहिल्यांदाच ऐकत असतं.

शिवाय ते शिकलंय कुणाकडून? अशा संशोधनात खूप वापरला जाणारा 'रॅव्हडेस' हा संग्रह 24 कलाकारांचा आहे. उच्चार उत्तर अमेरिकी, आणि बोलायची वाक्यं फक्त दोन. तीही अभिनय करून! परळच्या चाळीतलं तुटक 'हो गं, ठीकए' त्यात कुठून येणार?

युरोपियन युनियनने 2 फेब्रुवारी 2025 पासून नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी आवाजावरून भावना ओळखणाऱ्या एआयवर बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांसाठी तेवढी सूट आहे. हा कायदा आपल्याकडे लागू नाही. त्यामुळे कॅम्पस प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू रेकॉर्ड होणार असेल तर आधी विचारा, मार्क उत्तराला आहेत की आवाजाला? माझा पुढच्या गुरुवारी आहे. मी विचारणार आहे, आवाज कापला तरी.