चाहूल आणि किंचाळी

२००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागला, तेव्हापासून येथील तरुण पिढीला चित्रपट ही केवळ पाहण्याची नव्हे, तर करण्याचीही गोष्ट वाटू लागली आहे. मोबाइलने उरलीसुरली अडचणही दूर केली. महाविद्यालयांतील मुलेमुली लघुपट काढतात, स्पर्धांना पाठवितात, याचे आम्हाला कौतुकच आहे. मात्र या मंडळींचा थरारपटाकडे जो ओढा आहे आणि ते थरार ज्या पद्धतीने उभा करू पाहतात, त्याविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

पद्धत बहुधा ठरलेली असते. अंधारी वाट, एकटी मुलगी, तिच्या पाठीमागून हेलकावे खात चालणारा कॅमेरा आणि अखेरीस कानठळ्या बसविणारी किंचाळी. प्रेक्षक दचकतो, हे खरे. पण पाठीमागे कोणी फुगा फोडला तरी माणूस दचकतोच. त्याला भय म्हणता येत नाही.

शिवाय या दृश्यात आणखी एक गोष्ट घडत असते. कॅमेरा मुलीच्या पाठीवर रोखला गेला, की प्रेक्षक नकळत मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो. तो तिच्या बाजूचा राहत नाही, तिचा पाठलाग करणाऱ्यांतला एक होतो. मायकेल पॉवेल या इंग्रज दिग्दर्शकाने १९६० च्या ‘पीपिंग टॉम’मध्ये हे समजून उमजून केले. त्याचा नायक स्त्रियांचा खून करताना त्यांचे चित्रीकरण करतो, आणि पाहण्यातील हे क्रौर्यच त्या चित्रपटाचा विषय आहे. त्यापायी पॉवेलने ब्रिटिश समीक्षकांचा प्रचंड रोष ओढवून घेतला. आमचे विद्यार्थी तेच करतात, पण आपण काय करीत आहोत याची त्यांना कल्पना नसते.

त्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ प्रदर्शित झाला. त्यातील स्नानगृहातील खुनाची चर्चा सगळेच करतात; विद्यार्थ्यांनी अभ्यासावा तो जिन्याचा प्रसंग. चोरीस गेलेल्या पैशांचा तपास करणारा गुप्तहेर त्या भयाण घराचा जिना चढू लागतो. हिचकॉक तापाने आजारी असताना त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रसंग आधीच काढलेल्या रेखाचित्रांबरहुकूम चित्रित केला होता: कठड्यावरून सरकणारा हात, गजांमधून दिसणारी पावले, असे तुकडे. हिचकॉकने ते पाहिले आणि बाद केले. कारण त्याने पुढे फ्रान्स्वा त्रुफोला सांगितले. हात आणि पावले अशी सुटी दाखविली, की जिना चढणारा माणूसच कपटी भासू लागतो. येथे तर वर जाणारा निष्पाप आहे. म्हणून त्याने कॅमेरा त्या माणसाच्या समोर ठेवला आणि त्याला सरळ वर येऊ दिले. तो माथ्यावर पोचताच कॅमेरा एकदम छताजवळ जातो, आणि वरून आपल्याला दिसते, की दारातून कोणी तरी बाहेर धावले. लगेच गुप्तहेराचा चेहरा पडदाभर. उंचीवरून घेतलेल्या त्या दृश्यामुळे मारेकऱ्याचा चेहरा लपतो, पण आपल्यापासून काही लपविले जात आहे असे वाटत नाही. इतका विचार एका जिन्यासाठी!

याच दिग्दर्शकाने बॉम्बचे उदाहरण दिले होते. मेजाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाने तो पंधरा सेकंद हादरेल. ठाऊक असेल, तर मेजावरच्या निरर्थक गप्पाही पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतील. आपल्या लोकांना हे नवे नाही. दशावतारातील संकासुर येणार, हे देवळाच्या मंडपात बसलेल्या पोराटोरांना पक्के माहीत असते. म्हणूनच तो दिसण्याआधीच ती आईच्या पदराआड सरकतात.

यावर, आमच्यापाशी पैसा नाही, साधने नाहीत, असे विद्यार्थी म्हणतील. पोलंडमधील लॉड्झच्या चित्रपट विद्यालयात शिकणाऱ्या रोमान पोलान्स्कीने १९५७ साली केलेला ‘मर्डर’ दोन मिनिटांहून कमी लांबीचा आहे. एक माणूस दार उघडून खोलीत येतो, झोपलेल्या माणसाला खिशातील चाकूने भोसकतो आणि निघून जातो. ना संवाद, ना संगीत, ना कारण. झोपलेल्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला दिसत असते, आणि आपण हाक मारू शकत नाही. (या गृहस्थाच्या पुढील आयुष्यातील अपराधाचे समर्थन कोणी करू नये, येथे प्रश्न त्याच्या विद्यार्थिदशेतील कामाचा आहे.) आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विधु विनोद चोप्रांनी ‘मर्डर अॅट मंकी हिल’ हा विद्यार्थीपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

गोमंतकातील विद्यार्थ्याला तर निसर्गाने आणि पूर्वजांनी आयते साहित्य दिले आहे. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असतात. त्यांतून उजेड आत येतो, पण पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. आत दिव्याच्या उजेडात अभ्यास करणारी मुलगी, कॅमेरा तिच्याजवळ, स्थिर, कौलांवर पाऊस, आणि तिच्या मागच्या तावदानावर क्षणभर मंदावलेला उजेड. तिने तो पाहिलेला नाही, आपण पाहिला आहे. कॅमेरा हलविण्याची घाई येथे कशाला?

स्पर्धांच्या संयोजकांना आमची एक सूचना आहे. लघुपटाबरोबर दृश्यविभागणीची वहीही मागवावी. प्रत्येक दृश्यात कॅमेरा कोठे ठेवला आणि तेथेच का ठेवला, हे विद्यार्थ्याने तीत लिहावे, आणि परीक्षकांनी ती वही वाचून गुण द्यावेत. पाठीमागून धावणाऱ्या कॅमेऱ्याचे कारण लिहिताना पुष्कळांची लेखणी अडेल, आणि ते दृश्य पुन्हा चित्रित करण्यास तेव्हा पुरेसा अवधीही असेल.