शेती-नोकरी सांभाळून फॅशन फोटोग्राफी : माकणीत बसून हे जमतं का?

हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. ऐकताना आकडे आणि कायद्याच्या गोष्टी कानावरून निसटतात, म्हणून त्या इथे नीट मांडून ठेवल्यात. बाकी बोलणं बोलल्यासारखंच ठेवलंय.

आजचा प्रश्न असा. धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यातलं माकणी, निम्न तेरणा धरणाचं गाव. इथं राहायचं, शेती किंवा दुकानातली नोकरी सोडायची नाही आणि फॅशन फोटोग्राफीही करायची. जमेल का?

थोडक्यात उत्तर : जमेल. पण अर्धवेळ असण्याचा फायदा कळला तरच. घर दुसऱ्या पैशावर चालतंय, म्हणून तुम्हाला वाईट कामाला 'नाही' म्हणता येतं. पूर्णवेळवाल्याला ही सोय नसते. पहिल्याच महिन्यात कर्ज काढून लाखाचा कॅमेरा घेतला, की ही सोय गेली. मग हप्त्यासाठी मिळेल ते काम, मिळेल त्या भावात करावं लागतं.

आधी एक मोठं नाव

गौतम राजाध्यक्ष. मराठी घरातला, देशभर गाजलेला फॅशन आणि पोर्ट्रेट फोटोग्राफर. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेला माणूस. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरात कंपनीत लागले आणि पुढे तिथल्या फोटो विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास नोकरी चालू असतानाच त्यांनी शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांचे फोटो काढले आणि फॅशनच्या जगात त्यांचं नाव व्हायला लागलं. पूर्णवेळ स्वतःचा व्यवसाय सुरू केला तो १९८७ मध्ये.

हिशोब करा. नोकरीला लागल्यापासून तेरा वर्षं, आणि नाव व्हायला लागल्यापासूनसुद्धा सात वर्षं पगार चालू होता. आता तुम्ही म्हणाल, ते मुंबईत होते, त्यांची नोकरीच फोटोची होती. बरोबर आहे. आपली गोष्ट तितकी सोपी नाही. पण पगार चालू ठेवून हात बसवायचा आणि काम आपोआप वाढलं की मगच उडी मारायची, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

इथं फॅशनचं काम असतं तरी कुठं?

फॅशन म्हटलं की आपल्याला रॅम्प आणि मासिकाचं कव्हर दिसतं. तो या धंद्याचा अगदी छोटा भाग. ढोबळमानानं तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, कॅटलॉग. कपडा स्पष्ट दिसला पाहिजे : रंग, काठ, पदर, शिलाई. ऑनलाइन विकणाऱ्यांना हेच लागतं. ॲमेझॉनच्या नियमात मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते आणि चौकटीचा किमान ८५ टक्के भाग वस्तूनं व्यापावा लागतो.

दुसरा, लुकबुक. यात कपड्यासोबत वातावरण असतं. वाड्याच्या दारातली इरकल, शेताच्या बांधावरचा कुर्ता. इन्स्टाग्रामवर हे चालतं.

तिसरा, एडिटोरियल, म्हणजे मासिकासाठी कपड्यांतून गोष्ट सांगणारी फोटोमालिका. यात नाव मिळतं, पैसा बहुतेक वेळा कमी.

माकणीतून पहिलं गिऱ्हाईक शोधायचं तर पहिल्या प्रकारातच शोधा. उमरगा, औसा, लातूर इथली साडीची दुकानं. व्हॉट्सॲप ग्रुपवर साड्या विकणाऱ्या ताई. खणाचे ब्लाऊज शिवणाऱ्या टेलर. आणि सोलापूर! चादर-टॉवेल सगळ्यांना माहीत आहेत, पण तिथं शाळेचे गणवेश शिवणारे कारखानेही आहेत. गणवेशाचा फोटो दिसायला साधा असतो, पण कॅटलॉगच असतो आणि दर हंगामात नवा लागतो.

प्रकाश फुकट आहे, तो आधी शिका

तुमच्या हातातला फोन सुरुवातीला पुरतो. फक्त पाच गोष्टी पाळा.

एक. मराठवाड्यातलं दुपारचं ऊन टाळा. डोळ्यांखाली काळी सावली पडते आणि जर पांढरी फटक होते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उतरत्या उन्हात शूट करा. दुपारीच करायचं असेल तर ओसरीत, दारापासून दोन-तीन पावलं आत.

दोन. सावलीच्या बाजूला पांढरा थर्मोकोल धरा. प्रकाश परत चेहऱ्यावर येतो. खिडकीतून कडक ऊन येत असेल तर आडवं पांढरं धोतर बांधा. महागड्या दिव्यांचं निम्मं काम इथंच होतं.

तीन. पूर्ण उभा फोटो घेताना फोन डोळ्यांच्या उंचीवर नको, कमरेच्या उंचीवर धरा. वरून काढला की पाय आखूड दिसतात. वाइड लेन्सनं जवळून काढलं की कडेचा हात-पाय ताणल्यासारखा होतो. म्हणून मागं सरका आणि फोनमध्ये दोन-एक्स किंवा तीन-एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा.

चार. रंग. गिऱ्हाइकानं फोटोत डाळिंबी बघितली आणि घरी राणी रंग आला, तर साडी परत जाते आणि दुकानदार तुम्हाला परत बोलवत नाही. ब्यूटी मोड आणि फिल्टर बंद करा. घरातला पिवळा बल्ब आणि खिडकीचा उजेड एकत्र करू नका. दर नव्या जागेवर पहिला फोटो साध्या पांढऱ्या कागदाचा काढा, एडिट करताना त्यावरून रंग जुळवता येतो.

पाच. खण किंवा बारीक चौकडीच्या कापडावर फोटोत कधी कधी विचित्र लाटा दिसतात. त्याला मॉयरे म्हणतात. कापडाची बारीक वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांशी भांडतात म्हणून असं होतं. थोडं पुढं-मागं व्हा किंवा कोन बदला, बहुतेक वेळा लाटा जातात.

आणि कॅमेऱ्याच्या आधी इस्त्री घ्या, सेफ्टी पिना घ्या. चुरगळलेली साडी कुठल्याच लेन्सनं सरळ होत नाही.

आता पैशाचं बोलू

समजा, दुकानदार म्हणाला, "साठ साड्यांचे फोटो काढ, तीन हजार देतो." एका दिवसाचे तीन हजार! ऐकायला भारी वाटतं. आता कागद घ्या.

साड्या लावणं, इस्त्री, जागेची तयारी : ३ तास. शूट : ६ तास. जाणं-येणं : ३ तास. एडिटिंग एका फोटोला १० मिनिटं धरलं तरी साठ फोटोंना १० तास. झाले २२ तास. साडी नेसून उभ्या राहणाऱ्या मुलीला १,००० आणि प्रवासाचे ३०० दिले. हातात उरले १,७००. तासाला साधारण ७७ रुपये. यात फोनची झीज, नेटचा खर्च धरलेलाच नाही.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे वेगळे असतील. पण पद्धत हीच ठेवा. आधी तास मोजा, खर्च वेगळा काढा, मग भाव सांगा. मॉडेल, प्रवास आणि एडिटिंग हे तीन रकाने बिलात वेगळे दाखवा, म्हणजे समोरच्यालाही कळतं पैसे कशाचे आहेत. आगाऊ अर्धे घ्या. 'एडिट दोनदा बदलून मिळेल, पुढच्या बदलाला वेगळे पैसे' हे आधीच सांगा.

मग येतो तो ओळखीचा डायलॉग : "आत्ता फुकट काढ, तुझं नाव होईल." सुरुवातीला स्वतःचा नमुना तयार करायला दोन-तीन शूट फुकट करा, काही हरकत नाही. पण ती तुम्ही ठरवलेली, तुमच्या पसंतीच्या कपड्यांची असावीत. दुकानातला माल त्या फोटोवर विकला जाणार असेल, तर ते काम आहे आणि कामाचे पैसे असतात. तुमचं घर यावर चालत नाही ना? मग हसून नाही म्हणा.

उलटा सापळाही आहे. "मोठ्या ब्रँडचं काम देतो, आधी नोंदणी फी भरा," असं कोणी म्हणालं की तिथंच थांबा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ बघा. खाजगी धंद्याला आधी परवानगी लागते. बाकीच्यांनी लहान व्यवसाय म्हणून उद्यम नोंदणी करावी, ती ऑनलाइन आणि मोफत आहे.

फोटो कोणाचा?

इथं बहुतेक पोरं फसतात. आपल्याला वाटतं, बटण मी दाबलं, फोटो माझा. भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ काय म्हणतं? एरवी फोटोचा पहिला मालक फोटोग्राफरच. पण कोणी मोबदला देऊन, त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा.

म्हणजे काय? तुम्ही सोलापूरच्या दुकानासाठी काढलेला फोटो उद्या पुण्याच्या होर्डिंगवर दिसला, तर करार नसताना तुम्ही फार काही करू शकत नाही. तोच फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकायलासुद्धा खरं तर त्याची परवानगी लागते.

उपाय साधा आहे. वकील लागतोच असं नाही. एका पानावर मराठीत लिहा : किती फोटो, किती पैसे, कधी देणार, मालकी कोणाची, फोटो कुठं आणि किती काळ वापरायचे, मला माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवायची मुभा आहे की नाही. खाली दोघांच्या सह्या. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तोंडी 'बघू नंतर' याला अर्थ नाही.

कॅमेऱ्यासमोरचा माणूस

शहरात मॉडेल एजन्सी असते. गावात मॉडेल म्हणजे कोणाची तरी बहीण, वहिनी, कॉलेजची मैत्रीण. फोटो चुकीच्या ठिकाणी गेला तर तुम्हाला एक काम कमी मिळेल, पण तिला गावात रोज ऐकून घ्यावं लागेल. म्हणून तिची संमतीही लेखी घ्या. कपडे कोणते, फोटो कुठं छापले जाणार, पैसे किती, सगळं आधी सांगा. ती अठराच्या आतली असेल तर आई-वडिलांची सही. शूटला तिच्या सोबत कोणी येणार असेल तर आनंदानं येऊ द्या. कपडे बदलायला कडी लागणारी खोली पाहिजे. शूट झाल्यावर फोटो तिला दाखवा, नको म्हणाली तो तिच्यासमोर डिलीट करा. आणि कच्चे फोटो कुठल्याच ग्रुपवर टाकू नका.

लहान मुलांच्या कपड्यांची जाहिरात असेल तर नियम आणखी कडक आहेत. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मोबदल्यातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावावर ठेव म्हणून ठेवावा लागतो.

जागांचंही तसंच. नळदुर्गचा किल्ला आणि त्यातला पाणी महाल कोणालाही भुरळ घालेल, पण ते संरक्षित स्मारक आहे. व्यावसायिक शूटसाठी आधी परवानगी काढा. माकणीच्या धरणाचा काठ संध्याकाळी सुंदर दिसतो, पण भिंत आणि दरवाज्यांपासून लांब राहा, आणि गाळात मॉडेलला उभं करू नका. साडीत पाय रुतला की बाहेर निघणं अवघड असतं.

कॅलेंडर जुळवा

दसरा-दिवाळीच्या साड्यांची मागणी आणि सोयाबीनची काढणी एकाच वेळी येतात. दोन्ही अंगावर घेतलं तर दोन्ही बिघडतं. म्हणून दुकानदाराला श्रावणातच गाठा आणि दिवाळीचा माल भाद्रपदापर्यंत शूट करून मोकळे व्हा. त्या दिवसांत ढगाळ आभाळ असतं, त्यामुळे प्रकाश मऊ आणि एकसारखा मिळतो. लग्नसराईच्या शालूंचं काम रब्बीच्या काढणीआधी घ्या. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा : मी शनिवार-रविवारीच शूट करतो, फोटो सात दिवसांत देतो. दिलेली तारीख पाळली तर अर्धवेळ असल्याचं कोणाला खटकत नाही.

मग कॅमेरा कधी घ्यायचा?

फोटोच्या कमाईतून पैसे साठतील तेव्हा. आधी जुना, चांगल्या स्थितीतला कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स. ही लेन्स बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी असते, आणि माणूस व कपडा दोन्हीसाठी छान चालते. शेतीच्या किंवा पगाराच्या पैशाला हात लावायचा नाही, हा नियम मोडू नका.

या आठवड्याचा गृहपाठ : आईची एक इरकल घ्या. ओसरीत, थर्मोकोल लावून तीन फोटो काढा. पूर्ण साडी, काठ आणि पदर. मग फोटो आणि साडी शेजारी ठेवून रंग जुळतो का ते आईलाच विचारा. तिची नजर कुठल्याही गिऱ्हाइकापेक्षा कडक असते.

एपिसोड उपयोगी वाटला तर ज्या मित्राच्या डोक्यात कॅमेऱ्याचा हप्ता घोळतोय, त्याला आजच पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, काळजी घ्या!