वंशावळीच्या अहवालात टिपणं कशी छापायची? (एका चुकीतून शिकलेलं)

मागच्या दिवाळीत पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, तेव्हा घराण्याची वंशावळ ग्रॅम्प्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरली. अहवालाच्या प्रिंट काढून भावकीत वाटल्या. महिनाभराने चुलतभावाचा फोन आला, "ताई, खापरपणजोबांचा भाऊ सापडलाय ना? त्याची कुणबी नोंद आहे. परवा प्रतिज्ञापत्र करतोय, त्यात टाकतो."

माझ्या पोटात गोळा आला. मी टिपणात लिहिलं होतं, "नाव जुळतंय, बहुधा हाच भाऊ." कोतवाल बुकातल्या त्या नोंदीत आडनावच नव्हतं, म्हणजे तो निव्वळ माझा अंदाज होता. अहवालात मात्र तो मृत्यूच्या तारखेखाली, त्याच अक्षरात छापून आला होता. घाईत 'बहुधा' कोण वाचतं? प्रतिज्ञापत्र थांबवलं, पण खोटं नातं शपथेवर जायला फक्त दोन दिवस उरले होते.

आपल्याकडे वंशावळ हा नुसता हौसेचा विषय नाही. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो आणि त्या पुराव्याशी आपलं नातं वंशावळीतूनच दाखवावं लागतं. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून गाव नमुना 14, शाळांची जनरल रजिस्टरं, मोडीतली जुनी कागदपत्रं घरोघरी चर्चेत आली. अशा वेळी टिपण कसं छापलं जातं याला फार महत्त्व येतं.

आता मी काय करते ते सांगते.

1. एका टिपणात एकच गोष्ट. मूळ नोंदीची नक्कल वेगळी, आजीने सांगितलेलं वेगळं, माझा अंदाज वेगळा. प्रत्येक टिपणाला प्रकार देता येतो: ट्रान्सक्रिप्ट, रिसर्च वगैरे.

2. प्रकार दिला म्हणून टिपण अहवालातून आपोआप गळत नाही. 'इन्क्लूड नोट्स'वर खूण असेल तर व्यक्तीला जोडलेली सगळी टिपणं छापली जातात. म्हणून अंदाजाच्या टिपणावर खाजगीचं कुलूप लावायचं आणि अहवाल काढताना खाजगी माहिती घेण्याच्या पर्यायावरची खूण काढायची. नुसतं कुलूप लावून भागत नाही, दोन्ही करावं लागतं. घरातल्या नाजूक गोष्टींनाही हेच लागू.

3. अंदाज छापायचाच असेल तर पहिला शब्द 'अंदाज:' असा लिहा आणि मजकूर तिरपा करा. टिपणातला ठळक-तिरपा मजकूर अहवालात तसाच उतरतो.

4. कोतवाल बुकातले रकाने उतरवले असतील तर 'प्रीफॉर्मॅटेड' निवडा. नाहीतर ओळी एकमेकींना चिकटतात, जास्तीच्या मोकळ्या जागा गळतात आणि कुठलं नाव बापाचं, कुठलं मुलाचं ते कळत नाही.

5. नक्कल करताना काही सुधारू नका. जुन्या नोंदीत 'अहमदनगर' असेल तर नकलेत तेच राहू द्या. 'अहिल्यानगर' हे नाव 2024 पासूनचं. ग्रॅम्प्समध्ये एकाच ठिकाणाला काळानुसार वेगवेगळी नावं देता येतात, ती तिथे द्या.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. प्रयोगवहीत निरीक्षण एकीकडे आणि निष्कर्ष दुसरीकडे, हे बी.एस्सी.पासून अंगवळणी पडलंय. तरी घरच्या कामात तीच शिस्त मी विसरले. प्रयोगशाळेत चूक झाली तर प्रयोग पुन्हा करता येतो. इथे मात्र छापलेला कागद हातातून सुटला की तो कुणाच्या फायलीला लागेल सांगता येत नाही. तुम्ही पीएच.डी.साठी इतिहास घ्या नाहीतर रसायनशास्त्र, लिहिताना एक प्रश्न विचारा: मी समोर नसताना हे पान वाचणाऱ्याला, मला काय दिसलं आणि मला काय वाटलं, हे वेगळं ओळखता येईल का?

जुन्या प्रिंट मी घरोघर फिरून परत गोळा केल्या. एक अजून सापडायची आहे.