विमान पुन्हा वर नेण्याचा निर्णय

कोल्हापूरनजीक उजळाईवाडीच्या माळावर छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, विमानतळ उभा राहिला. तेथून निघणारा प्रवासी असो की समुद्रापलीकडून घरी परतणारा असो, आपला जीव तो एका अपरिचित माणसाच्या हाती सोपवितो. तो माणूस घडतो कसा आणि त्यास कोणती बंधने पाळावी लागतात, हे सर्वांनीच जाणून घेण्यासारखे आहे.

नागपूरच्या लष्करी परंपरेच्या कुटुंबातील कॅप्टन दीपक वसंत साठे ह्यांचे चरित्र ह्या दृष्टीने विचार करावयास लावणारे आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते हवाई दलाच्या अकादमीत गेले आणि तेथे त्यांनी मानाची तलवार मिळविली. हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये त्यांनी चाचणी-वैमानिकाचे कामही केले. विंग कमांडर म्हणून २००३ साली निवृत्त झाल्यावर ते एअर इंडियाची व पुढे एअर इंडिया एक्स्प्रेसची विमाने चालवू लागले.

विद्या एकच, धर्म मात्र निराळे. चाचणी-वैमानिक यंत्राची मर्यादा शोधीत तिच्याजवळ जातो. प्रवासी-वैमानिकाने त्या मर्यादेपासून दूर राहावयाचे असते. उतरताना विमानाचा वेग, दिशा आणि खाली येण्याची गती ठरावीक उंचीपर्यंत स्थिर झाली नाही, तर विमान पुन्हा वर न्यावे, असा नियम आहे. त्यात कमीपणा कसला? तेच कर्तव्य होय.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० माणसांना घेऊन साठे ह्यांचे बोइंग विमान कोळिकोडच्या आकाशात आले. तेथील धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली, सुमारे २,७०० मीटर लांबीची. टोकाशी खोल उतार. पाऊस पडत होता आणि समोरची काच पुसणारे यंत्र नीट चालत नव्हते. पहिल्या प्रयत्नात साठे ह्यांनी विमान वर नेले. दुसऱ्या वेळी ते विरुद्ध बाजूने उतरू लागले; त्या बाजूस वारा पाठीमागून होता. पाठीमागचा वारा विमानास पुढे ढकलतो आणि ओल्या धावपट्टीवर ब्रेकचा जोर कमी पडतो. जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली. विमान टोकापलीकडे कोसळून त्याचे तुकडे झाले. साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार ह्यांच्यासह २१ जण मृत्युमुखी पडले.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशी-अहवालानुसार, ही दुसरी उतरण अस्थिर होती. सहवैमानिकाने विमान वर नेण्याची सूचना दिली होती, तरीही ते उतरविण्यात आले. मात्र सारा दोष एकट्या माणसावर न टाकता, व्यवस्थेतील उणिवांचाही अपघातास हातभार लागला असावा, असे अहवालाने नमूद केले.

मानाची तलवार मिळविणाऱ्या वैमानिकाची योग्यता ह्या एका सायंकाळने पुसली जात नाही. परंतु कितीही मोठा अनुभव नियमाची जागा घेऊ शकत नाही, हे मात्र तिने दाखवून दिले. विमानकक्षात दोन आसने असतात ती ह्याचसाठी: एकाच्या ध्यानात न आलेली गोष्ट दुसऱ्याने बोलावी, आणि ज्येष्ठाने ती तत्काळ ऐकावी. विमान उतरता उतरता पुन्हा वर गेले, घरी पोहोचावयास विलंब झाला, तर प्रवाशाने कुरकुर करू नये. वैमानिकाने आपले काम चोख केले, असेच समजावे.