नवी रॅम घातली आणि कॉम्प्युटर रुसला!

झाशीचा मे महिना म्हणजे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास, बाहेर लू आणि घरात कूलरची घरघर. अशाच एका दुपारी बाबांचा जुना कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवून मी स्क्रू काढत बसले होते.

कॉम्प्युटर २०१३चा. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. बाबा सकाळी बटण दाबून पूजेला बसायचे आणि आरती झाली की विंडोज उघडलंय का ते बघायला यायचे. मी हौसेने आठ जीबीची रॅम आणि एक एसएसडी आणली होती.

"अगं, चालतंय ते चालू दे की," बाबा म्हणाले. मी ऐकलं नाही.

दोन्ही वस्तू बसवल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आतून लांब लांब बीप वाजले. स्क्रीन मात्र काळीच!

बाबा काही बोलले नाहीत, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. त्या हार्ड डिस्कमध्ये आजीचा आवाज होता. आमचं घराणं झाशीला कसं आलं, ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं तिथला गणेशोत्सव तिच्या लहानपणी कसा असायचा, हे सगळं तिने सांगितलेलं. आजी आता नाही. आणि त्या रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

आधी एकच प्रश्न: लोगो दिसतो का?

बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले जागेवर आहेत ना, हे पाहतो. सगळं ठीक असेल तर कंपनीचा लोगो दिसतो. मग तो डिस्क शोधतो आणि तिच्यातून विंडोज उचलतो.

म्हणून लोगो येण्याआधीच गाडी अडली, तर दोष बहुधा सुट्या भागांत किंवा वायरमध्ये असतो. लोगो येऊन पुढे अडली, तर डिस्क, सेटिंग किंवा विंडोजकडे बघायचं. एवढं कळलं तरी निम्मी शोधाशोध वाचते.

आमच्याकडे लोगोच नव्हता. बीपचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, पण मी नुकताच हात लावला होता तो रॅमलाच. ती काढली, पुन्हा नीट दाबून बसवली. दोन्ही बाजूंच्या खिट्या 'टक' करून लागल्या. तरी बीप थांबले नाहीत. मग मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल थोडा वेळ काढून ठेवला, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ जागी येतात. सेल लावला, बटण दाबलं. लोगो आला!

उपायातूनच दुसरा आजार

आनंद मिनिटभर टिकला. विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन आली: 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच.

बाजारातल्या एका दुकानात फोन केला. उत्तर लगेच मिळालं, "दीदी, पुराना माल है, फॉर्मेट मारना पड़ेगा।" मी "हो" म्हणणारच होते. इतक्यात बाबांनी विचारलं, "काल चालत होतं ना? मग कालपासून तू काय काय बदललंस, ते कागदावर लिही बघू."

लिहिलं. रॅम. एसएसडी. सेल. तिसऱ्या शब्दाशी पेन थांबलं. सेल काढल्यावर बायोसमधली सगळीच सेटिंग पुसली गेली होती, तारीखसुद्धा मागे गेली होती. त्यातच डिस्कशी बोलायची पद्धत, म्हणजे सॅटा मोड, 'एएचसीआय'वरून 'आयडीई' झाली होती. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं होतं तो बदलल्यामुळे त्याला स्वतःचीच डिस्क वाचता येत नव्हती. मोड परत 'एएचसीआय' केला आणि बाबांचा नेहमीचा वॉलपेपर दिसला. फॉर्मॅट मारलं असतं, तर बिघाड नसलेल्या डिस्कमधून आजीचा आवाज पुसला गेला असता.

तुमच्याकडे असं झालं तर

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. त्यामुळे माळ्यावरचे, कोपऱ्यातले कॉम्प्युटर अनेक घरांत उघडले जात आहेत. उघडण्याआधी मुख्य वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका.

*लोगो येत नसेल तर:*

१. नवा भाग काढून जुना लावा. चालू झालं, तर दोष नव्या भागात, तो बसवण्यात किंवा जुळण्यात आहे.

२. रॅमची एकच पट्टी लावून बघा, मग दुसरी. डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसतच नाही, जोर लावू नका. काही लॅपटॉपना कमी व्होल्टेजची डीडीआर३एल रॅमच लागते.

३. ग्राफिक्स कार्ड लावलं असेल, तर मॉनिटरची वायर त्या कार्डालाच जोडा. कार्डाला वेगळी पॉवरची वायर लागत असेल, तर तीही बघा.

४. मदरबोर्डच्या मोठ्या वायरबरोबर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वायर लागली आहे ना?

५. प्रोसेसर बदलला असेल, तर जुन्या बायोसला तो ओळखता येतो का, हे मदरबोर्ड कंपनीच्या यादीत तपासा.

*लोगो येतो, पण विंडोज येत नसेल तर:*

१. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का? नसेल तर आधी सॅटाची आणि पॉवरची वायर घट्ट करा.

२. बूट ऑर्डरमध्ये विंडोजची डिस्क पहिली ठेवा. नवी कोरी एसएसडी पहिली असेल, तर कॉम्प्युटर रिकाम्या घराचं दार वाजवत बसतो.

३. जुनं विंडोज 'लेगसी' मोडमध्ये टाकलेलं असू शकतं. सेटिंग 'यूईएफआय' झालं असेल, तर ते परत बदला.

४. विंडोज एसएसडीवर क्लोन केलं असेल, तर पहिल्यांदा फक्त एसएसडी जोडून सुरू करा.

५. तारीख पुन्हा पुन्हा मागे जात असेल, तर सेल संपलाय, बदला.

६. बिटलॉकरची ४८ आकडी चावी मागितली, तर घाबरू नका. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. शक्य तर ती आधीच लिहून ठेवा.

प्रत्येक वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, की गुण कशाने आला ते कळत नाही. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी तो काढला असता, तर ती दुपार एवढी लांबली नसती.

आता विंडोज एसएसडीवर आहे आणि बाबांची आरती सुरू होण्याआधीच ते उघडतं. पण त्या संध्याकाळी मी आधी आजीचं रेकॉर्डिंग एका पेन ड्राइव्हवर आणि भावाच्या कॉम्प्युटरवर कॉपी केलं. ते बरोबर उतरलंय का म्हणून लावून बघितलं, तर आजी गणेश मंदिरातल्या प्रसादाबद्दल सांगत होती. बाबांनी कूलर बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी तुमच्या घरातला असा आवाज, असा फोटो कुठे आहे ते शोधा. त्याची कॉपी करा. मग खुशाल रॅम घाला.