प्रसूतीच्या आधीचे महिने

महाराष्ट्रात आज शंभरातल्या जवळजवळ ९५ प्रसूती दवाखान्यात होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला हा आकडा समाधानाचा आहे. पण त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे कळा सुरू झाल्यावर आपण धावपळ करतो, त्याआधीचे महिने मात्र अंगावर काढले जातात. रक्त काही एका रात्रीत वाढत नाही. लोहाच्या गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतात, म्हणून त्या १८० दिवस घ्यायच्या असतात. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच सात-आठवर आलं आहे, तिला प्रसूतीतला एरवी सोसण्याजोगा रक्तस्रावही जिवावर बेततो. रक्तदाबाचं तर याहून अवघड. विसाव्या आठवड्यानंतर तो चढू लागला, तरी बाईला काही जाणवेलच असं नाही. आणि वेळीच कळलं नाही, तर झटके येऊन आई आणि बाळ दोघंही धोक्यात येतात. हाताला पट्टा बांधून दोन मिनिटांत जे कळतं, ते राहून जावं याचं फार वाईट वाटतं.

‘आमच्या वेळी कुठं होत्या तपासण्या?’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. गरोदरपण हा आजार नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण त्या काळात ज्या दगावल्या, त्या आज सांगायला नाहीत. २००१-०३ मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मरण पावत. २०१८-२० मध्ये ९७. याचं सगळं श्रेय तपासण्यांना देता येणार नाही, दवाखान्यातल्या प्रसूतीचाही त्यात मोठा वाटा आहे. तरी जोखमीची बाई आधी ओळखली, तरच तिला योग्य दवाखान्यात वेळेवर नेता येतं. लोहाच्या गोळ्यांनी बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं, ही भीती निराधार आहे. उलट रक्तक्षयामुळे बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. शौचाला काळं होतं, ते लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये.

तपासणीला गेलं की दिवसाचा रोज बुडतो, ही अडचण खरी आहे आणि ती एकट्या बाईवर टाकणं अन्याय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी असते. त्या दिवशी घरातल्या कुणीतरी तिचं काम उचलावं. बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नाव नोंदवा. डोकं सतत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.